नागपुरात होणारं संशोधन नागपूरकरांना वाचायला मिळावं म्हणून आपण मिळून काय करू शकतो?

रानजाई · शनिवार, सकाळी ७:५०

नमस्कार मंडळी. मी इथल्याच एका विनाअनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. प्रश्न मोठा आहे, पण सुरुवात घरातून करते.

माझ्या मामांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. मागच्या ऑगस्टात आंबिया बहाराची फळं गळायला लागली. मामा रोज सकाळी झाडाखालची फळं वेचायचे. देठाकडून काळी पडलेली एका टोपल्यात, नुसती पिवळी होऊन पडलेली दुसऱ्यात. एक दिवस फोन आला, "तू पीएचडी केली नं? मंग हे काहून होऊन राह्यलं ते कुठं लिहिलं असंल तं वाचून सांग मले."

लिहिलेलं होतं. विदर्भातल्याच बागांमध्ये नोंदी घेऊन केलेला अभ्यास, शोधल्याबरोबर सापडला. सात ओळींचा सारांश आणि त्याखाली चौकट: पूर्ण लेख हवा असेल तर ३९ डॉलर भरा. म्हणजे तीन हजारांच्या वर. आमच्या कॉलेजला ते नियतकालिक येत नाही. बाग आपली, माती आपली, संशोधनाला पैसा सरकारी तिजोरीतला, आणि मामांना सांगायला माझ्याकडे सात ओळी.

नागपूर हे किती संशोधन संस्थांचं गाव आहे ते बघा. लिंबूवर्गीय फळांची संस्था इथे, कापसाची इथे, मृदा सर्वेक्षणाची इथे, पर्यावरणाची नीरी इथे. व्हीएनआयटी, मेडिकल, एम्स, पशुवैद्यक विद्यापीठ, आणि १९२३ पासूनचं आपलं विद्यापीठ. २०२३ च्या जानेवारीत १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस आपल्या विद्यापीठातच झाली. तिथून परत येताना बसमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, हे सगळं वाचायचं कुठं?" तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

माझा विचार असा, की आठ-दहा जणांनी दर रविवारी दोन तास एकत्र बसावं. इथल्या संशोधकांना त्यांचे लेख कायदेशीरपणे खुले करायला मदत करावी, आणि विदर्भाशी संबंध असलेल्या लेखांचे एकेका पानाचे मराठी गोषवारे लिहावेत. कुणी असं काही केलं आहे का? जमेल का? कुठं अडेल?

बर्डीकर · शनिवार, सकाळी ८:२२

मी येतो. विज्ञानातलं काही कळत नाही, पण टायपिंग फास्ट आहे आणि मराठी शुद्ध आहे. पोहे माझ्याकडून, तर्रीसकट.

धरमपेठी · शनिवार, सकाळी ९:०५

रानजाई, तळमळ पोचली. पण एक बाजू मांडतो, कारण मी निवृत्तीपूर्वी अकरा वर्षं एका नियतकालिकाचा संपादक होतो. लेख छापायला पैसा लागतो. छापण्याआधी लेख तपासणारे समीक्षक फुकट काम करतात हे खरं, पण त्यांना पाठपुराव्याची पत्रं लिहिणारा माणूस, मुद्रितशोधन करणारा माणूस, आकृत्या नीट करून घेणारा माणूस, हे फुकट नसतात. आमच्या अंकाच्या तीनशे प्रती निघायच्या आणि पोस्टेजलाच जीव मेटाकुटीला यायचा. सगळं मोफत करा म्हणणं सोपं आहे, तो खर्च कुणी उचलायचा ते आधी ठरवा.

आणि सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंच आहे की, नियतकालिकांची वर्गणी सरकारच एकत्र भरतं. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. मग वेगळी चळवळ कशासाठी?

रानजाई · शनिवार, सकाळी ९:३१

सर, ती योजना चांगली आहे, मी आभारीच आहे. माझ्या मैत्रिणीला सरकारी कॉलेजात त्याचा रोज उपयोग होतो. पण ती आहे सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी, सुमारे ६,३०० संस्था. माझं विनाअनुदानित कॉलेज त्यात नाही. मामा तर कुठल्याच संस्थेत नाहीत. गावातला डॉक्टर नाही, कृषी केंद्रवाला नाही, वार्ताहर नाही.

दूरगावी · शनिवार, दुपारी १२:४०

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या कामानिमित्त ब्राझीलमध्ये. धरमपेठी सरांचा खर्चाचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्याचं एक उत्तर मी इथे रोज बघतो.

इथे १९९८ साली 'सिएलो' नावाची व्यवस्था सुरू झाली. नियतकालिकं विद्यापीठांची आणि विद्वत्सभांचीच राहिली, पण ती चढवायची जागा एक, तपासणीचे निकष एक, तांत्रिक माणसं सामाईक. सार्वजनिक पैसा त्या सामाईक जागेत घातला. पुढे लॅटिन अमेरिकेतले कितीतरी देश त्यात आले. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमधलं संशोधन तिथे मानानं छापलं जातं, इंग्रजी येत नाही म्हणून कुणाचं शेतीवरचं काम पडून राहत नाही.

युरोप-अमेरिकेत जास्त करून दुसरा रस्ता धरला गेला, वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घ्यायचे. 'नेचर'नं २०२० मध्ये एका लेखाला ९,५०० युरो जाहीर केले. रुपयांत साडेआठ लाखांच्या आसपास. आपल्या कॉलेजातला कोणता मास्तर भरणार? म्हणून वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही नाही, अशा तिसऱ्या प्रकाराला 'डायमंड' म्हणतात, आणि तो संस्थांनी एकत्र येऊन खर्च वाटून घेतल्याशिवाय चालत नाही.

सर, तुमचा अकरा वर्षांचा पोस्टेजचा खर्च आज वाचला असता. कॅनडाच्या 'पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट'नं 'ओपन जर्नल सिस्टिम्स' हे सॉफ्टवेअर फुकट दिलं आहे. लेख घेणं, समीक्षकांना पाठवणं, आठवणीची पत्रं जाणं, सगळं त्यातून होतं. आपल्या आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, नियतकालिकंही त्यावरच आहेत आणि वाचायला मोफत आहेत.

धरमपेठी · शनिवार, दुपारी १:१५

आयसीएआरचं मला माहीत होतं, पण ते याच सॉफ्टवेअरवर चालतं हे नव्हतं. आठवणीची पत्रं आपोआप जातात? बघायला पाहिजे.

काटोल_बाग · शनिवार, दुपारी २:०८

मी बी काटोलचाच. ताई, तुमच्या मामांची गोष्ट घरोघरची हाये. पण खरं सांगू का, मले आख्खा लेख नाई पायजे. पंधरा पानाचं इंग्रजी घेऊन मी काय करू? लिंबूवर्गीयवाले सल्ला देतेत, तो फुकटच भेटते. मोबाईलवर येते, मेळाव्यात सांगतेत.

मले पायजे ते दुसरंच हाये. सल्ल्यात लिहून येते की हे फवारा. पण ते काहून फवाराचं, किती बागांत करून पाह्यलं, किती ठिकाणी चाललं, आन् कुठं चाललं नाई, हे कोनी सांगत नाई. माझ्या शेजाऱ्यानं जे औषध मारून पाह्यलं अन् काही झालं नाई, तेच मी पुढल्या साली मारलं. मंग त्याच्या पुढल्यानं मारलं. न चाललेलं बी लिहून ठेवा ना कोनी.

रानजाई · शनिवार, दुपारी २:३०

दादा, तुमच्या या शेवटच्या वाक्यावर मी दहा मिनिटं बसून आहे. संशोधनाच्या जगातही हेच दुखणं आहे. 'परिणाम दिसला नाही' असा निकाल आला की लेख लिहिलाच जात नाही, लिहिला तर नियतकालिक घेत नाही. मग दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच प्रयोग, तोच खर्च, तोच नकार. आपल्या गोषवाऱ्यात 'कुठे चाललं नाही' ही एक ओळ सक्तीची करूया.

स्टेथो · शनिवार, दुपारी ४:४५

मी मेडिसिनला आहे. पाठिंबा आहे, पण आरोग्याच्या बाबतीत जपून.

माझ्या ओपीडीत सिकलसेलची लेकरं येतात. आईबाप मोबाईलवर काहीतरी वाचून येतात आणि चालू गोळ्या बंद करतात. प्रत्येक वेळी त्यांना ओरडून काय होणार, त्यांना वाचायला नीट काही मिळालं नाही हा दोष आपला. म्हणजे मराठी गोषवारे हवेत हे नक्की. पण एका पेपरवरून एक पान लिहिलं आणि त्यात 'या औषधानं फायदा झाला' एवढंच आलं, तर ते सल्ल्यासारखं वाचलं जाईल. किती रुग्ण, किती महिने, कुणावर, हे वर यायला हवं. आणि मूळ लेखकानं तो गोषवारा वाचून होकार दिल्याशिवाय आरोग्याचं काही बाहेर जाऊ नये.

दुसरं, प्रीप्रिंट. समीक्षणाआधीच लेख सर्वांपुढे ठेवायचा ही पद्धत भौतिकशास्त्रात १९९१ पासून 'अर्काइव्ह'वर आहे, वैद्यकात ती खरी पसरली कोविडमध्ये. २०२० च्या जानेवारीअखेर दिल्लीतल्या एका गटानं करोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचं प्रीप्रिंट टाकलं आणि जगभर गहजब झाला. प्रीप्रिंटचे गोषवारे करू नका, एवढीच विनंती.

कोडवेडा · शनिवार, संध्याकाळी ५:२०

स्टेथो डॉक्टर, त्याच उदाहरणाचा उरलेला भागही सांगायला हवा. ते सगळ्यांपुढे होतं म्हणून जगभरच्या जाणकारांनी काही तासांत चुका दाखवल्या, आणि लेखकांनी दोन-तीन दिवसांत ते मागे घेतलं. बंद दाराआड समीक्षण होऊन छापलेला चुकीचा लेख मागे घ्यायला वर्षं जातात.

स्टेथो · शनिवार, संध्याकाळी ५:४१

मान्य. जाणकारांसाठी ते चांगलंच आहे. माझ्या ओपीडीतल्या आईसाठी नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ग्रंथसखी · शनिवार, रात्री ८:१०

मुलांनो, मी तीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. दिवसभराची चर्चा आत्ता निवांत वाचली. रानजाई, तू विचारलंस की कुठं अडेल. दोन ठिकाणी अडेल, ती सांगते.

लेख खुला करणं कायद्यानं वाटतं तितकं अवघड नाही. बहुतेक प्रकाशक, समीक्षण होऊन स्वीकारलेली जी शेवटची वर्ड फाइल असते ना, ती लेखकाला संस्थेच्या ऑनलाइन भांडारात ठेवू देतात, कधी लगेच, कधी सहा-बारा महिन्यांनी. छापून आलेली सजवलेली पीडीएफ नाही, ही साधी फाइल. विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं तसं धोरण २०१४ पासून आहे, आयसीएआरचं २०१३ पासून. अडतं ते असं: मी एका सरांकडे ती फाइल मागायला गेले. सरांनी कपाटातून पेन ड्राइव्हचा डबा काढला. एकोणीस पेन ड्राइव्ह. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', 'फायनल दुरुस्त मॅडम'. आम्ही दोघं दुपारभर बसून छापील लेखाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, तेव्हा कोणती खरी ते कळलं. सरांना खुलेपणाबद्दल काडीचाही आक्षेप नव्हता, फक्त त्यांच्या शेजारी बसणारं कुणी नव्हतं. तुमचे रविवारचे दोन तास तिथे लागतील.

दुसरं आहे खोट्या नियतकालिकांचं. आमच्याकडची एक नवी प्राध्यापिका रडत आली होती. बढतीसाठी लेख हवे, म्हणून ईमेलवर आलेल्या एका 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकाला तिनं साडेचार हजार भरले आणि चौथ्या दिवशी लेख छापूनही आला. चार दिवसांत कोण समीक्षण करतं? आम्ही संपादक मंडळाची यादी उघडली. त्यात आपल्याच गावातल्या एका सरांचं नाव. फोन केला, तर त्यांना पत्ताच नव्हता की आपण संपादक आहोत. तिचं काम चांगलं होतं गं. पण एकदा तिथे छापलं गेलं की ते दुसरीकडे देता येईना. चांगलं काम खड्ड्यात गेलं.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढली होती. मग मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, तीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद करून आता निकष दिले आहेत आणि तपासणी संस्थांवर सोपवली आहे. म्हणजे आता ज्याचं त्यानं पाहायचं. म्हणून लेख पाठवण्याआधी शेजारी बसून पाहणारं माणूस पूर्वीपेक्षा जास्त हवं. मी ते काम आनंदानं करीन. चष्मा नवीन केलाय.

बर्डीकर · शनिवार, रात्री ८:२५

काकू, तुम्ही येणार असाल तर पोह्यांबरोबर संत्रा बर्फी पण.

काळाकोट · शनिवार, रात्री ९:३३

वकिलाच्या नात्यानं थोडक्यात, कारण हे विचारलं जाणारच.

आपल्या शब्दांत गोषवारा लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. माहिती आणि कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. आख्खा लेख भाषांतरित करायचा असेल तर परवाना बघा. 'सीसी बाय' हा खुला परवाना असेल तर खुशाल करा, लेखकाचं नाव द्या. त्यात 'एनडी' अक्षरं असतील तर भाषांतर वाटता येणार नाही. आकृती आणि फोटो उचलू नका, स्वतः काढा.

लेखकाला मेल करून प्रत मागणं पूर्ण कायदेशीर आहे आणि आपण ते विसरतोच. मी एका कामासाठी सात जणांना लिहिलं, पाच जणांनी दोन दिवसांत पाठवलं, एकानं वर फोन नंबर देऊन 'काही शंका असेल तर विचारा' म्हटलं.

साय-हब, म्हणजे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणारी साइट, कुणी सुचवायच्या आधी: तीन परदेशी प्रकाशकांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती साइट देशात बंद करायचा आदेश झाला. आपल्या उपक्रमात ती वाट नको. पण कायदा नेहमी प्रकाशकाच्याच बाजूनं असतो असंही समजू नका. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं शिक्षणासाठीच्या प्रतींची सवलत मान्य केली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला. तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती, आनंदानं.

जुनी_वही · शनिवार, रात्री १०:५०

एक गोष्ट इथे कुणीतरी सांगायलाच हवी. मराठीतला पहिला मोठा ज्ञानकोश उभारायला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जी कंपनी काढली, ती 'ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' नागपूरची. भाग (शेअर) विकून, वर्गणीदार गोळा करून, अभ्यासकांना कामं वाटून २३ खंड उभे राहिले. काम पुढे पुण्याला गेलं ते गेलं, पण रुजलं इथे. आज तो कोश इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. विश्वकोश मंडळानंही अलीकडे विषयवार ज्ञानमंडळं करून नोंदींचं काम ठिकठिकाणच्या संस्थांना वाटून दिलं आहे. म्हणजे रानजाई म्हणतात ते आपल्याकडे परकं नाही.

आणि विज्ञान-शेतीच्या गर्दीत इतिहास, भाषा, लोकसाहित्य विसरू नका. माझ्याकडे आजोबांच्या ट्रंकेतले जुने संशोधन-वार्षिकांचे अंक आहेत. पान उलटताना कोपरा हातात येतो.

काटोल_बाग · शनिवार, रात्री ११:०२

ट्रंकेत कापूर टाका. वाळवी लागली तं सारं गेलं.

कोडवेडा · रविवार, सकाळी १०:१५

जुनी_वही, तुमच्या अंकांआधी एक जवळचं संकट सांगतो. मी स्वतः त्यात सहा महिने घातलेत.

बहिणीला तिच्या प्रबंधासाठी झाडीबोलीवर आधी झालेलं काम हवं होतं. शोधगंगेवर गेलो. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची प्रबंधांची साइट आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएचडीचे प्रबंध तिथे द्यायचे ठरलं आणि आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध कुणालाही मोफत खुले आहेत. इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे आहे आणि आपण तिचं कौतुक करत नाही. पण मी 'झाडीबोली' असा शोध केला तर मोजकंच काही आलं. नावावरून, मार्गदर्शकावरून, विभागावरून चाळत गेलो तेव्हा बरंच काही सापडत गेलं. मग शोधात का येत नव्हतं?

एक फाइल उघडली. प्रत्येक प्रकरण वेगळ्या पीडीएफमध्ये असतं, मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. तिसरं प्रकरण उघडून एक ओळ निवडली, कॉपी केली, नोटपॅडमध्ये चिकटवली. पडद्यावर सुंदर मराठी दिसत होतं आणि नोटपॅडमध्ये आलं कंस, टक्क्याची खूण, उलटे स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा भुगा. प्रबंध युनिकोडमध्ये नव्हता. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये होता, जिथे कळ दाबली की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र उमटतं. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला नाही. दुसरी फाइल त्याहून पुढची, नुसता स्कॅन, पानांचे फोटो. त्यात तर अक्षरच नाही.

म्हणजे प्रबंध खुला आहे, फुकट आहे, आणि तरी सापडत नाही. वर्षानुवर्षं गावोगाव फिरून गोळा केलेल्या म्हणी, ओव्या, शब्दांच्या याद्या, सगळं दारात ठेवलंय आणि दाराला नंबर नाही.

मी एक परिवर्तक लिहिला. जुन्या फॉन्टचं युनिकोड करतो. पण ऱ्हस्व वेलांटीचं काय होतं बघा: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर लागते. साधा शब्द सरळ होतो. जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्या अक्षरावर जाऊन बसते. रफारही तसाच भटकतो. 'स्थिती', 'निर्मिती', 'वर्षी' हे शब्द मी आता झोपेतही दुरुस्त करतो. शंभरातली नव्वद ओळी यंत्र करतं, उरलेल्या दहासाठी मराठी येणारा माणूसच लागतो. स्कॅनचं अक्षर वाचणारी मोफत साधनं आहेत, पण त्यांनाही 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ होतो.

यासाठी पद्धत आपण शोधायला नको. मराठी विकिस्रोतावर आहे. एका बाजूला पानाचा फोटो, दुसऱ्या बाजूला मजकूर. एकानं तपासलं की पान पिवळं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. बर्डीकर, तुमचं शुद्ध मराठी इथे लागेल.

बर्डीकर · रविवार, सकाळी १०:२८

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला कुणीतरी काम दिलं. पानं पाठवा.

जुनी_वही · रविवार, सकाळी ११:००

माझे अंकही असेच करता येतील? त्यातल्या काही लेखकांना जाऊन सत्तर वर्षं झालीत.

काळाकोट · रविवार, सकाळी ११:१२

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं पूर्ण झाली की कॉपीराइट संपतो. अंकातला प्रत्येक लेख वेगळा धरा, सरसकट नको. यादी करा, मी बघून देतो.

दूरगावी · रविवार, दुपारी १२:३०

एक अवांतर. संशोधन सगळ्यांना मोफत वाचायला खुलं ठेवणं, या 'ओपन ॲक्सेस'ला मराठीत काय म्हणणार? 'मुक्त प्रवेश' म्हटलं की नाट्यगृहाची पाटी वाटते.

ग्रंथसखी · रविवार, दुपारी १२:४४

आमच्या वाचनालयात जुनी पाटी होती, 'खुले कपाट'. म्हणजे वाचकानं स्वतः जाऊन पुस्तक काढायचं, शिपायाला चिठ्ठी द्यायची नाही. मला तोच शब्द आवडतो.

काटोल_बाग · रविवार, दुपारी १:०५

शब्दाचं निघालं म्हणून सांगतो. गोषवारा लिहाल तं 'सिट्रस ब्लॅकफ्लाय' लिहू नका. आमी त्याले कोळशी म्हणतो. खोडातून डिंक गळते तो डिंक्या. शेंड्याकून वाळते ते शेंडेमर. पुस्तकातला शब्द कंसात टाका पायजे तं, पण आधी आमचा टाका. आन् लिहून झालं का वाचून त्याची आवाजाची क्लिप करा. माझी माय वाचत नाई, पण बागेचं सारं तिच पायते.

धरमपेठी · रविवार, दुपारी ३:२०

कालपासून तीनदा धागा वाचला. माझा आक्षेप होता की खर्च कुणी उचलायचा. प्रश्न अजून आहे, मोठ्या प्रमाणावर आहेच. पण तुम्ही जे म्हणताय त्याला पैसा थोडा आणि शेजारी बसणारी माणसं जास्त लागतील, हे काकूंच्या एकोणीस पेन ड्राइव्हनं पटलं. माझ्या नियतकालिकाचे अकरा वर्षांचे अंक घरी बांधून ठेवलेले आहेत, संस्थेकडेही पूर्ण संच नाही. नियतकालिक बंद पडलं तेव्हा ते कुठेच चढवलं गेलं नाही. त्यातले लेखक मला नावानिशी आठवतात, बरेच हयात आहेत. मी एकेकाला फोन करून लेखी परवानगी घेतो. आठवणीची पत्रं लिहायची मला सवय आहे.

रानजाई · रविवार, रात्री ९:१०

सर, डोळ्यांत पाणी आलं. मनापासून आभार.

आता मूळ प्रश्नाकडे. काल काळाकोट यांचं वाचलं आणि रात्रीच त्या फळगळीच्या लेखाच्या लेखकांना मेल केला. आज सकाळी, रविवार असून, उत्तर आलं. स्वीकारलेली प्रत जोडलेली, आणि खाली एक ओळ की बागायतदारांसाठी मराठीत करणार असाल तर मी तपासून देतो. इतकं सोपं होतं आणि मी गेलं वर्षभर ३९ डॉलरच्या चौकटीकडे बघत बसले.

दुपारी एक पान लिहिलं. मामांना फोनवर वाचून दाखवलं. मामांनी टोपल्यांत वेगळी केलेली फळं आठवतात? लेखातही तेच दोन ढीग आहेत. देठाकडून काळी पडून गळणारी बुरशीची, आणि नुसती पिवळी होऊन गळणारी, ज्याला लेखात झाडाच्या ताणाशी आणि साचलेल्या पाण्याशी जोडलंय. दोघांचे उपाय वेगळे. मामा म्हणाले, "म्हंजे मी बुरशीचं औषध दोन्हीले मारून राह्यलो होतो." थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, तिसऱ्या ओळीत 'जलनिस्सारण' लिहिलंय ते काढ, 'चर काढणे' लिही. काढलं. 'कुठे चाललं नाही' ही ओळ टाकली आहे. लेखकांकडे पाठवलं आहे, त्यांचा होकार आला की इथे टाकते.

पुढच्या रविवारी चार वाजता भेटूया. धंतोलीतल्या ज्या वाचनालयात काकू जातात तिथली मागची खोली मिळाली आहे. पहिल्या दिवशी तीनच कामं: धरमपेठी सरांच्या पहिल्या अंकाचा स्कॅन, कोडवेडाच्या फाइलमधलं एक प्रकरण, आणि ज्यांना लेख पाठवायचाय त्यांनी नियतकालिकाचं नाव घेऊन काकूंपाशी बसायचं. स्टेथो डॉक्टर, सिकलसेलचा कोणता लेख घ्यायचा ते तुम्ही निवडा, घाई नाही.

स्टेथो · रविवार, रात्री ९:४०

निवडलाय. लेखिका आमच्याच विभागातल्या आहेत, उद्या राउंडनंतर विचारतो. रविवारी ड्यूटी आहे, सहाला पोचेन.

काटोल_बाग · रविवार, रात्री ९:५२

मी चारच्या बसनं येतो म्हंजे साडेपाच. क्लिप माझ्या आवाजात करा, माय ओळखंल.

कोडवेडा · रविवार, रात्री १०:०५

स्कॅनर आणतोय, जड आहे. खोलीत प्लग पॉइंट आहे ना?

ग्रंथसखी · रविवार, रात्री १०:११

आहे, खिडकीजवळच्या टेबलापाशी. पण सैल आहे, एक्स्टेन्शन आण. आणि जुन्या अंकांचे दोरे कुणी कापू नका, मी येईपर्यंत थांबा.